टाकी भरल्यावर पाणी कोठे जाते?

माथेरानचा शार्लोट तलाव तुमच्यापैकी काही जणांनी पाहिला असेल. माथेरान आपल्या कर्जत तालुक्यातच आहे आणि तेथील लोकांच्या पिण्याच्या पाण्यासाठी हा तलाव बांधलेला आहे. पावसाळ्यात तलाव भरला, की जादा पाणी बांधावरून खाली पडू लागते. पाऊस कितीही कोसळो, तलावाची पातळी बांधाच्या त्या कडेपेक्षा फारशी वर जात नाही. पाणी सोडण्यासाठी तेथे कोणी उभे राहत नाही. ज्याने त्या कडेची उंची ठरवली, त्याने तलावाची पातळीही तेव्हाच ठरवून टाकली. जादा पाणी बाहेर जाण्याच्या अशा जागेला मराठीत ‘सांडवा’ म्हणतात. भांडे भरून पाणी बाहेर गेले, की आपण ‘पाणी सांडले’ असे म्हणतो. त्याच ‘सांडणे’ या क्रियापदापासून हा शब्द बनला आहे.

शेजारच्या खालापूर तालुक्यात धावरी नदीवर मोरबे धरण आहे. नवी मुंबईला तेथून पाणी मिळते. या धरणाची पूर्ण भरण्याची पातळी ८८ मीटर आहे. येथील सांडव्याला दरवाजे आहेत. पाणी त्या पातळीपर्यंत आले, की दरवाजे उचलून ते सोडतात आणि नदीकाठच्या गावांना आधी इशारा देतात. म्हणजे सांडवे दोन प्रकारचे झाले. एक कायम उघडा, दुसरा दरवाजाचा. दरवाजाच्या सांडव्यातून किती पाणी सोडायचे हे आपल्या हाती असते, पण त्याच्याकडे लक्ष द्यावे लागते. उघड्या सांडव्याकडे कोणी पाहिले नाही तरी चालते. हे दोन्ही प्रकार लक्षात ठेवा. आता आपण ज्या तलावाकडे जाणार आहोत, तो काचेचा आहे आणि घराच्या दिवाणखान्यात मावतो. पण त्यालाही हे दोन्ही सांडवे लागतात.

मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. तेथे काचेपलीकडे समुद्रातील रंगीत मासे पाहायला अनेक शाळांच्या सहली जात असत. पुढे काही हौशी लोक घरीच समुद्राच्या पाण्याची टाकी ठेवू लागले. आपल्याकडे कर्जत आणि खालापूरमध्ये पुष्कळ फार्महाउस आणि हॉटेले झाली आहेत. अशा ठिकाणी मालकाच्या सांगण्यावरून खास मापाची टाकी बनवून घेतात. काच जोडणारा कारागीर आणि नळकाम करणारा कारागीर ती मिळून तयार करतात. तुमच्यापैकी कोणी पुढे आय. टी. आय. मध्ये नळकाम शिकेल, तेव्हा असे काम त्याच्याकडे येऊ शकते. आपल्या गावापासून समुद्र दूर आहे, म्हणून येथे गोड्या पाण्यात विशिष्ट क्षार मिसळून समुद्राचे पाणी तयार करावे लागते. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात.

अशा टाकीला ‘रीफ टाकी’ म्हणतात. रीफ म्हणजे प्रवाळांचा खडक. प्रवाळ दगडासारखे दिसले तरी ते लहान लहान प्राण्यांचे घर असते. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आपल्या देशात खडक तयार करणाऱ्या प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिलेले आहे. मालवणच्या समुद्रातून प्रवाळ तोडून आणणे हा गुन्हा आहे. टाकीत कृत्रिम खडक ठेवले तरी मासे त्यांच्या कपारीत आनंदाने राहतात, आणि माझ्या मते शोभाही काही कमी होत नाही.

आता तुम्ही विचाराल, टाकीत पाणी भरले, मासे सोडले, मग सांडवा कशाला? मशिदीतील हौद आठवा. (तुमच्या उर्दूतील ‘हौज’ आणि मराठीतील ‘हौद’ हे एकाच घरचे शब्द आहेत.) मुंबईची जामा मशीद १८०२ साली बांधून पूर्ण झाली. ती एका जुन्या तलावावर उभी आहे. त्या तलावाला झऱ्यांचे पाणी मिळते आणि त्यात मासे बाळगलेले आहेत. असा हौद रुंद असतो. त्याच्या मोठ्या पृष्ठभागातून हवेतील प्राणवायू पाण्यात मिसळत राहतो. काचेची टाकी मात्र अरुंद आणि खोल. पाणी थोडे, मासे जास्त. त्यातच माशांचे खाणे, विष्ठा आणि शेवाळ यांमुळे पाण्यावर तेलकट साय येते. ही साय पृष्ठभाग झाकून टाकते. मग प्राणवायू कमी पडतो आणि मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. साय काढायची, तर पाणी वरूनच काढायला हवे. टाकीच्या तळाशी नळी लावून ती निघणार नाही.

म्हणून रीफ टाकीखाली, कपाटात, दुसरी एक टाकी ठेवतात. दुकानदार तिला ‘संप’ म्हणतात. या संपाचा कामगारांच्या संपाशी काही संबंध नाही. आपण तिला खालची टाकी म्हणू. वरच्या टाकीच्या एका कोपऱ्यात काचेची उभी भिंत घालून एक कप्पा करतात. या भिंतीची वरची कड म्हणजे आपला सांडवा. वरचे पाणी कडेवरून कप्प्यात पडते, तेथून पाइपने खालच्या टाकीत जाते, तेथे गाळले जाते आणि पंप त्याला पुन्हा वर पाठवतो. पंप बादलीने पाणी भरावे तसे सतत वर टाकतो आणि सांडवा तेवढेच पाणी खाली सोडतो. त्यामुळे वरच्या टाकीची पातळी नेहमी एकसारखी राहते.

आकडे घेतले तर हे चांगले समजेल. समजा, वरची टाकी १२० सेंटिमीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर उंच आहे. तिन्ही मापांचा गुणाकार केला तर २४३ लिटर होतात. पंप तासाला १,२०० लिटर पाणी वर टाकतो, असे धरू. म्हणजे दर मिनिटाला २० लिटर, एक मोठी बादली. बाहेर जाण्याची वाट बंद झाली, तर टाकीतली उरलेली जागा भरल्यावर दर मिनिटाला एक बादली खारे पाणी घराच्या फरशीवर येईल! घरमालकाची झोप उडवायला एवढे पुरे आहे.

सांडव्याची कड किती लांब असावी? कड ३० सेंटिमीटर लांब असेल, तर एवढे पाणी जाताना तिच्यावर सुमारे ७ मिलिमीटर उंचीचा थर वाहतो. कड ६० सेंटिमीटर केली तर थर सुमारे साडेचार मिलिमीटर होतो. लांबी दुप्पट केली तरी थर निम्मा होत नाही, हे ध्यानात घ्या. थर जितका पातळ, तितकी साय चांगली ओढली जाते. लहान मासे कप्प्यात पडू नयेत म्हणून कडेवर कंगव्यासारखे दात ठेवतात. हे दात अर्धी जागा व्यापतात. मग ३० सेंटिमीटरच्या कडेची खरी वाट १५ सेंटिमीटरच उरते आणि पाण्याचा थर सुमारे ११ मिलिमीटरवर जातो. दातांमध्ये शेवाळ अडकले, की तो आणखी चढतो. म्हणून कड पहिल्यापासून लांब घ्यावी आणि तिच्या वर टाकीची काच चार-पाच सेंटिमीटर तरी मोकळी ठेवावी.

कड झाली, आता पाइप. कप्प्याच्या तळाच्या काचेला भोके पाडून त्यांत टँक निपल बसवतात आणि त्यांना पीव्हीसीचे पाइप जोडतात. भोके पाडण्यापूर्वी काच साधी आहे की टफन केलेली, हे विचारून घ्यावे. टफन केलेल्या काचेला भोक पडत नाही. तिचा एका क्षणात चुरा होतो.

पाइपमधून पाणी दोन प्रकारे खाली जाते. पाइप अर्धवट भरला असेल, तर पाणी कडेकडेने आणि हवा मधून जाते. तेव्हा मोरीत पाणी ओतल्यासारखा गुडगुड आवाज येतो. पाइप पूर्ण भरला असेल, तर त्यात हवा शिरत नाही. पिंपातून नळीने बादलीत पाणी काढताना नळी एकदा भरली, की पाणी आपोआप वाहू लागते, हे तुम्ही केलेले असेल. त्याला सायफन म्हणतात. खाली उतरणारे पाणी मागच्या पाण्याला ओढत नेते. टाकीच्या पाइपातही असेच होते. भरलेला पाइप आवाज करत नाही आणि अर्धवट भरलेल्या पाइपच्या कितीतरी पट पाणी नेतो.

मग सगळे पाणी भरलेल्या पाइपनेच का सोडू नये? अडचण अशी, की पंप जेवढे पाणी वर पाठवतो, बरोबर तेवढेच पाणी या पाइपने नेले पाहिजे. जास्त नेले तर कप्पा रिकामा होऊन पाइपात हवा शिरते आणि गुडगुड सुरू होते. कमी नेले तर कप्पा भरत जातो. म्हणून जाणकार कारागीर एकाऐवजी तीन पाइप बसवतात. पहिल्या पाइपला कॉक असतो. कॉक थोडा थोडा फिरवून त्यातून जवळजवळ सगळे पाणी जाईल असे करतात. हा आपला मोरबे धरणाचा दरवाजा. दुसऱ्या पाइपचे तोंड थोडे वर असते. पहिल्याने न नेलेले थोडेसे पाणी त्यातून झिरपत जाते, त्यामुळे कॉक अगदी काटेकोर लागला नाही तरी बिघडत नाही. तिसऱ्या पाइपचे तोंड याहून वर, पण कप्प्याच्या कडेखाली असते. त्याला कॉक नसतो, जाळी नसते, आणि एरवी तो कोरडाच राहतो. हा शार्लोट तलावाचा उघडा सांडवा. पहिल्या पाइपात गोगलगाय अडकली किंवा शेवाळाचा गोळा बसला, तर पाणी चढून तिसऱ्या पाइपात शिरते आणि मोठ्याने गुडगुड करते. हा आवाज म्हणजेच इशारा. तिसरा पाइप एकट्याने पंपाचे सगळे पाणी नेऊ शकेल एवढा मोठा असला पाहिजे. पैसे वाचवायचे म्हणून हाच पाइप गाळणारे लोक असतात. असे टाकीवाले मला मुळीच पसंत नाहीत.

पाइप जोडतानाही थोडा विचार लागतो. काटकोनातील एल्बो पाण्याला अडवतो. त्याऐवजी ४५ अंशांचे दोन तुकडे लावले तर पाणी सहज वळते. पाइप आडवा फार लांब नेऊ नये, उतार द्यावा. पहिल्या पाइपचे खालचे टोक खालच्या टाकीत दोन-एक सेंटिमीटरच बुडवावे. जास्त बुडवले, तर पंप सुरू करताना पाइपातील हवा बाहेर पडत नाही आणि सायफन लवकर सुरू होत नाही.

येथपर्यंत आपण पंप चालू आहे असे धरले. आता वीज गेली असे समजू. पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाणे ही काही नवी गोष्ट नाही, आणि खरा हिशेब येथेच करायचा असतो.

पंप थांबला, की दोन वाटांनी पाणी खाली येते. कडेच्या वरचा पातळ थर सांडव्यावरून उतरतो आणि थांबतो. दुसरी वाट लोकांच्या लक्षात येत नाही. पंपाचे पाणी ज्या पाइपने वर जाते, त्याचे तोंड वरच्या टाकीत पाण्याखाली असते. पंप बंद होताच त्याच पाइपातून उलटा सायफन सुरू होतो. पाइपच्या तोंडाला हवा लागेपर्यंत पाणी खाली येतच राहते. आपल्या टाकीत पाण्याची उंची एक सेंटिमीटर उतरली म्हणजे ५.४ लिटर पाणी खाली आले. पाइपचे तोंड पाच सेंटिमीटर खोल असेल, तर २७ लिटर. कप्प्यातील आणि पाइपातील पाणी आणखी सुमारे पाच लिटर धरा. एकूण ३२ लिटर झाले.

हे ३२ लिटर कोठे मावणार? खालची टाकी ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच आहे, असे समजा. पंप चालू असताना ती २५ सेंटिमीटरपर्यंत भरलेली असेल, तर वरची १५ सेंटिमीटर जागा रिकामी, म्हणजे २७ लिटर. पाच लिटर पाणी बाहेर येणार! ती २० सेंटिमीटरपर्यंतच भरली, तर ३६ लिटर जागा मिळते आणि पाणी कसेबसे मावते. पण याहून चांगला उपाय वर आहे. पंपाच्या पाइपचे तोंड पाण्याखाली दोनच सेंटिमीटर ठेवले, तर खाली येणारे पाणी सुमारे सोळा लिटरच होते. एक लहानसा तुकडा कापला आणि निम्मे संकट गेले.

काही जण पाण्याच्या पातळीजवळ पाइपला बारीक भोक पाडतात. पाणी भोकाखाली उतरले, की हवा आत शिरून सायफन तुटतो. उपाय चांगला आहे. पण भोकात शेवाळ वाढते आणि वाळलेले मीठ साचते, तेव्हा ते दर आठवड्याला काडीने साफ करावे लागते. पाणी उलटे येऊ न देणारा व्हॉल्व्हही बाजारात मिळतो. गोड्या पाण्यात तो बरा चालतो. खाऱ्या पाण्यात त्याच्या झडपेवर क्षार आणि शिंपल्यासारखे जीव बसतात आणि ती पूर्ण मिटत नाही. त्याच्यावर विसंबून खालची टाकी काठोकाठ भरणे धोक्याचे आहे.

आता याच्या उलट संकट पाहा. वीज आहे, पंप चालू आहे, आणि तिन्ही पाइप काही कारणाने बंद झाले. असे सहसा होत नाही, पण झाले तर? खालच्या टाकीत काचेच्या पडद्या घालून पंपासाठी वेगळा लहान कप्पा करतात. तो २५ सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि पाणी २० सेंटिमीटर असेल, तर त्यात १५ लिटर पाणी असते. पंप तेवढेच पाणी वर नेऊ शकतो. वरच्या टाकीत पाण्याच्या वर चार सेंटिमीटर जागा मोकळी असेल, तर तेथे २१ लिटरांहून जास्त पाणी मावते. पंप कोरडा पडेल, कदाचित जळेलही. पण फरशीवर थेंब येणार नाही आणि मासे वाचतील.

पंपाच्या याच कप्प्यावर रोज नजर ठेवावी लागते. उन्हाळ्यात पाण्याची वाफ होते. वरची टाकी सांडव्यामुळे तेवढीच भरलेली दिसते. पाणी कमी होते ते फक्त या कप्प्यात. वाफ पाण्याची होते, क्षार मागेच राहतात. म्हणून कमी झालेले पाणी भरताना गोडे पाणी घालावे, खारे घालू नये. खारे घातले तर क्षार वाढत जातील आणि मासे त्रासून जातील. विजेच्या बाबतीत आणखी एक साधी काळजी आहे. पंपाची वायर बोर्डाकडे नेताना मध्येच खाली लोंबती ठेवावी. वायरवरून ओघळणारे पाणी त्या लोंबत्या भागातून खाली ठिबकते, बोर्डापर्यंत पोहोचत नाही.

टाकी तयार झाली, की क्षार आणि मासे घालण्याआधी तिची परीक्षा साध्या पाण्यावर घ्यावी. अंगणात सपाट जागेवर दोन्ही टाक्या मांडून पंप सुरू करावा आणि एक दिवस-रात्र चालू ठेवून सांधे गळतात का ते पाहावे. मग बटण बंद करावे. खालच्या टाकीतील पाणी चढत चढत कोठे थांबते ते पाहून पुन्हा पंप सुरू करावा. पाणी काठापर्यंत आले असेल, तर थोडे काढून घ्यावे आणि पुन्हा बटण बंद करावे. थांबलेले पाणी काठाच्या तीन-चार बोटे खाली राहू लागले, की पंप चालू करावा. आता खालच्या टाकीत जी पातळी दिसेल, तेथे काचेवर रंगाने रेघ ओढावी. त्यानंतर पहिल्या दोन्ही पाइपांच्या तोंडांवर तळहात ठेवून ते बंद करावेत आणि तिसरा पाइप एकटा सगळे पाणी नेतो का ते पाहावे. त्याने नेले नाही, तर पाइप बदलावा. पंपाला दोष देऊ नये. टाकी जागेवर बसवल्यावर घरातील प्रत्येकाला ती रंगाची रेघ दाखवावी, म्हणजे पाणी भरायला कोणीही गेले तरी रेघेच्या वर भरणार नाही.